झाकणावरचा काटा १५० वर, तंगडी हाडाशी कच्ची: केटल ग्रिलचं तापमान मोजायचं कुठे?

चोपडेकर

राम राम मंडळी.

पुण्याच्या मोठ्या भावाने घर बदललं. नव्या सोसायटीत बाल्कनीत धूर चालत नाही, म्हणून त्याची कोळशावरची केटल ग्रिल त्याने ट्रान्सपोर्टने माझ्याकडे पाठवून दिली. गोल, काळी, तीन पायांची, ५७ सेंटीमीटरची. खाली राखेचा डबा आणि तिथेच हवेची झडप, वर झाकणात दुसरी झडप, आणि झाकणालाच एक डायल. आमचा मळा गावाबाहेर, धुराला विचारतो कोण!

भरिताचं म्हणाल तर हिवाळाभर पार्ट्या चालूच असतात, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, वांगी भाजायला आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पण केटलमध्ये कोंबडीच्या तंगड्या आणि बोकडाची अख्खी रान, म्हणजे मागची मांडी, करायला गेलो की गाडी अडते. डायलचा काटा १५० वर आणून तंगड्या लावल्या. पाऊण तासात बाहेरून काळ्या ठिक्कर, हाडाशी लाल पाणी. पुढच्या रविवारी काटा तोच, वेळ तोच, कोळसा त्याच वखारीतला बाभळीचा, आणि तंगड्या एकदम झकास. असं का व्हावं? रानेची तर कथाच वेगळी. दुपारी चढवली, पाहुणे शेवभाजी-भाकरी खाऊन घरी गेले तरी मांस हाडाला घट्ट धरून.

तर त्या डायलवर भरवसा ठेवायचा की नाही? वेगळा थर्मामीटर घ्यायचा तर कुठला, आणि त्याचं टोक ठेवायचं कुठे? मित्राकडे लाल ठिपक्याची बंदूक आहे, तो म्हणतो तिनेच भागेल. संक्रांतीनंतर घरी बारा-पंधरा माणसं जेवायला आहेत, तोवर हात बसला पाहिजे.

धुळ्याचा भाचा

एवढा काय विचार करतो भाऊ. अंगठा वर करून मूठ जाळीवर उभी धर, तेवढ्या उंचीवर तळहात ने. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत हात ओढावा लागला तर आच कडक. पाच-सहापर्यंत टिकला तर मध्यम. आठ-दहा झाले तर मंद. आमच्याकडे लग्नात दीडशे माणसांचं मटण चुलवणावर शिजतं, आचाऱ्याच्या खिशात थर्मामीटर कुणी पाहिला नाही.

दीपनगर निवृत्त

चोपडेकर भाऊ, हा माझा प्रांत आहे म्हणून जरा लांबण लावतो. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रात नोकरी झाली, सगळी इन्स्ट्रुमेंट खात्यात. ५४० अंशांच्या आसपासची वाफ, तिच्यावर नजर ठेवायला थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक), आणि थर्मोकपलवर नजर ठेवायला आम्ही. तिथे नव्या पोराला पहिलं हेच विचारायचे: मीटर किती दाखवतो ते मागाहून, त्याचं टोक कशात बुडालंय ते आधी सांग.

भाचेराव, हाताची परीक्षा खोटी नाही. उघड्या जाळीवर कणीस, कबाब भाजताना मीही तेच करतो. पण झाकण लावल्यावर हात घालणार कुठून? आणि पातेल्याची गोष्ट निराळी. रस्सा उकळतोय तोवर आतलं तापमान १०० च्या पुढे जात नाही, खाली लाकडं कितीही सारा. जादा उष्णता वाफ होऊन निघून जाते. आचाऱ्याच्या खिशात थर्मामीटर नसतो, कारण तो पातेल्यातच असतो. केटलमध्ये कोरडी हवा. ११० ची हवा आणि २५० ची हवा बाहेरून सारखीच दिसते.

आता तुमचा डायल. त्याच्या पाठीमागे बोटभर दांडी असते, तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी गुंडाळलेली. एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, पट्टी पिळली जाते आणि काटा फिरतो. साधं, टिकाऊ यंत्र आहे, माझा त्याच्यावर राग नाही. पण ती दांडी लटकते झाकणाच्या घुमटात, आणि तुमची तंगडी तिच्या वीतभर खाली, जाळीवर. गरम हवा वर चढते. त्यात दांडी आखूड, म्हणून तिला झाकणाच्या पत्र्याची संगत जास्त. सातपुड्याकडून गार वारा सुटला, पत्रा निवला, की काटाही थोडा निवतो. आत फरक पडलेला असेल किंवा नसेलही.

तुमचं दोन रविवारांचं कोडं. झाकण कुठल्या बाजूला फिरवून ठेवलं होतं, आठवतं का? कोळसा एका अंगाला असेल तर डायल निखाऱ्यांच्या डोक्यावर येतो की मोकळ्या बाजूच्या, ह्यावर आकडा बदलतो. माझ्या केटलला तीस-पस्तीस अंशांचा फरक पडतो. आग तीच, झाकण अर्धा फेर फिरवलेलं, एवढंच. करून बघा, पैसे पडत नाहीत.

शिवाय काळ्या पडल्या त्या तंगड्या निखाऱ्यांच्या वरच असाव्यात असा माझा अंदाज. निखाऱ्यांतून निघणारी धग सरळ रेषेत येऊन मांसावर आदळते, हवेचा कुठलाही थर्मामीटर ती पुरती धरत नाही. हवा १५० असली तरी कातडीला त्याहून कितीतरी जास्त मार बसतो, आणि हाडापर्यंत उष्णता पोचायच्या आत बाहेर काम तमाम. कोळसा एका अर्ध्यात लोटा, तंगड्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवा. झाकण असं ठेवा की वरची झडप मांसाच्या डोक्यावर येईल, म्हणजे निखाऱ्यांकडची गरम हवा आणि धूर मांसावरून फिरून बाहेर जातील. तंगड्यांना जाळीपाशी १७५ ते २०० असू द्या. हाडापाशी शिजल्या की शेवटची दोन मिनिटं निखाऱ्यांवर ओढून कातडी कुरकुरीत करा.

डायल खरा की खोटा हे घरच्या घरी कळतं. तो खोलून काढा आणि फक्त दांडी खळखळत्या पाण्यात बुडवा. भुसावळ काय, चोपडा काय, आपण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, पाणी ९९ च्या किंचित वर उकळतं. तोरणमाळला जाऊन हीच परीक्षा केलीत तर ९६ च्या आसपास येईल, तिथे थर्मामीटरला नावं ठेवू नका. दुसरी परीक्षा कुटलेल्या बर्फाची: ग्लासभर बर्फ, भिजेल इतपतच पाणी, चांगलं ढवळायचं, शून्य आलं पाहिजे. ही डिजिटलसाठी. डायलची पट्टी बहुधा शून्यापर्यंत जातच नाही.

घ्यायचा तर दोन टोकांचा डिजिटल घ्या, एक टोक हवेला, एक मांसात. स्वयंपाकाच्या तयार प्रोबमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाच्या सुईत, बहुतेक वेळा थर्मिस्टर असतो, तापमानाप्रमाणे विजेला होणारा रोध बदलणारा तुकडा. अचूक असतो, पण त्याची वायर ३०० च्या आसपास माना टाकते, तेव्हा ती निखाऱ्यांवरून नेऊ नका. मी स्वतः के-टाइप थर्मोकपल वापरतो, सवयीचा परिणाम. त्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, लाल वायर म्हणजे प्लस असं गृहीत धरू नका. पिवळी-लाल जोडी असेल तर पिवळी प्लस आणि लाल मायनस. उलटी जोडलीत तर टोक तापेल तसा आकडा खाली जाईल, आणि आमच्याकडे शिकाऊ पोरांची अख्खी पाळी त्यात जायची. दुसरी, थर्मोकपल खरं तर दोन टोकांतला फरक मोजतो. एक टोक जाळीवर, दुसरं मीटरमध्ये, आणि मीटर स्वतःचं तापमान ओळखून त्यात मिळवतो. म्हणून मीटर ग्रिलच्या कडेच्या फळीवर भाजत ठेवू नका. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात तर अजिबात नाही.

हवेचं टोक जाळीच्या वर दोन बोटं, मांसापासून तीन-चार बोटं लांब, मांस ज्या बाजूला आहे त्याच बाजूला. मांसाला खेटून ठेवलंत तर त्या गार तुकड्याभोवतीची गार हवा मोजली जाते. जाळीला टेकवलंत तर लोखंड मोजलं जातं. क्लिप नसली तर अर्धा बटाटा पालथा ठेवा, प्रोब त्यातून आरपार घाला आणि टोक चांगलं बोटभर बाहेर काढा.

बंदुकीचं मागाहून लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

फैजपूरची माहेरवाशीण

काका, तुमचं वाचून आमच्या ह्यांनी लगेच आमच्या ग्रिलचं झाकण फिरवून पाहिलं. खरंच फरक पडतो, आता दिवसभर तेच चाललंय.

पण वांग्यासाठी कुणी थर्मामीटर काढू नका, हात जोडते. बामणोदकडचं भरिताचं वांगं घ्या, हिरवट-पांढरं, मोठं, कमी बियांचं. ते शिजलं की नाही हे देठच सांगतं. बुडाकडचा भाग लवकर मऊ पडतो, देठाच्या मुळाशी सगळ्यात उशिरा, म्हणून चिमट्याने दाबायचं ते तिथेच. धसलं की उतरवा. केटलचं झाकण लावून केलंत तर साल करपायच्या आत पाणी सुटतं, वांगं उकडल्यासारखं होतं आणि बडगीत, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्यात, कुटल्यावर पांचट लागतं. झाकण बाजूला ठेवा, कोळसा भरपूर, वांगं थेट निखाऱ्यांवर, आणि मधूनमधून मूठभर पऱ्हाट्या टाका. जाळ भसकन् उठतो आणि लगेच बसतो, पण भरिताला वास येतो तो त्याच जाळाचा. नुसत्या कोळशावरचं भरीत मला तरी अर्धं वाटतं.

आणि चोपडेकर दादा, गारठा पडला म्हणून ग्रिल पत्र्याच्या शेडमध्ये ओढू नका, विझत आलेली असली तरी. कोळशाच्या त्या विषारी वायूला ना रंग ना वास. पुरुष मंडळी गप्पांत रंगली की शेगडी हळूहळू आत सरकते, मी पाहिलेलं आहे.

चोपडेकर

काका, मानलं भो तुम्हाला. झाकण फिरवलं तर २५ चा फरक. डायल उकळत्या पाण्यात धरला तर १०८ दाखवतो, म्हणजे मुळातच नऊ अंश पुढे. दोन टोकांचा डिजिटल मागवला, बटाटाही बसवला. घरात सगळे त्या बटाट्याला हसून घेताहेत. तंगड्यांचं गणित जवळपास जमलं, फक्त ७४ ला काढल्या तर शिजल्यात पण चावायला जरा रबरी, आणि हाडाशी गुलाबीपणा राहतोच. ताई, शेडचं लक्षात ठेवलंय.

अडतंय ते रानेवर. जाळीपाशी १२० धरायचे होते. १४० झाले म्हणून खालची झडप जवळजवळ बंद केली, तर पाऊण तासात ९० वर आले. उघडली तर १८० ला गेले. मग परत बंद. रात्री उशिरापर्यंत हाच खेळ, मी, झडप आणि बॅटरी. त्यात रान ६८ वर जाऊन बसली ती बसलीच, दीड तास आकडा हलेना. प्रोब बिघडला का? मित्राची बंदूक आणली. झाकणावर मारली तर ९५, जाळीवर मारली तर ७०, आणि डिजिटल म्हणतो १३०. तिघांत खोटं कोण बोलतंय?

दीपनगर निवृत्त

कुणीच नाही. तिघांना तुम्ही तीन वेगवेगळे प्रश्न विचारले.

बंदूक पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण मोजते. हवा तिला दिसत नाही आणि झाकणापलीकडचंही दिसत नाही. झाकणावर ९५ म्हणजे बाहेरचा पत्रा ९५, बस. जाळी तुमची चकचकीत स्टीलची असणार. चकचकीत धातू स्वतःचे किरण कमी फेकतो आणि आकाशाचे, झाडाचे, तुमच्या शर्टाचे परत फिरवतो, त्यात काड्यांमधल्या फटीतून खालचंही काहीबाही मोजलं जातं. म्हणून ७०. लाल ठिपका फक्त नेम धरायला असतो, मोजला जातो तो त्याच्याभोवतीचा गोल, आणि जितकं लांब उभं राहाल तितका तो गोल मोठा. बंदूक परत करा, नाहीतर काळ्या लोखंडी तव्यासाठी ठेवा, तिथे ती बऱ्यापैकी खरं सांगते.

झडपेचा खेळ. बॉयलरवर ह्याला आम्ही हंटिंग म्हणायचो. ऑपरेटर घाबरट असला की वाफेच्या तापमानाचा आलेख करवतीच्या दातांसारखा निघायचा. यंत्रात काही दोष नसतो, घाई असते. झडप हलवल्यावर तिचा परिणाम जाळीवर दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. कोळसा आधी मंदावतो, मग पत्रा निवतो, मग जाळी, आणि मांस तर सगळ्यात मागून. तुम्ही तीन मिनिटांनी आकडा बघून दुसरी हालचाल केलीत, तेव्हा पहिलीचा निकाल अजून लागायचाच होता.

म्हणून मी आकड्यापेक्षा उतार बघतो. एक वही ठेवा, दर पंधरा मिनिटांनी हवा किती, मांस किती, झडप कुठे, एवढं लिहा. १२५ चे १२८ झाले, पुढच्या वेळी १३०, तर हा सावकाश चढ आहे, झडप बोटाच्या पेराएवढी आवळा आणि पुढच्या नोंदीपर्यंत हात खिशात. १२५, ११८, १२७ असं वर-खाली होत असेल तर काहीच करू नका. रानेला ११० ते १३५ च्या मध्ये कुठेही चालतं, पाच अंश इकडे तिकडे झाले हे तिला कळत नाही. वरची झडप अर्धी किंवा पूर्ण उघडी ठेवून तिला विसरून जा, राज्य चालवायचं ते खालच्या झडपेवर. वरची गच्च बंद केलीत तर धूर आत कोंडतो आणि मांसाला कडवट काजळीची चव लागते.

आणि चढत्या पायरीवरच धरा. १२० हवेत तर १०० ला आवळायला सुरुवात. केटल तापवणं सोपं, निववणं जिवावर येतं, कारण पेटलेला कोळसा माघारी जात नाही. त्यासाठी मुळात सगळा कोळसा पेटवूच नका. कडेकडेने अर्धवर्तुळात न पेटलेला कोळसा दोन थरांत मांडा आणि एका टोकाला आठ-दहा पेटते निखारे ठेवा, वातीसारखं ते पुढे सरकत जातं. वखारीच्या कोळशाचे तुकडे लहान-मोठे, म्हणून मांडताना फटी ठेवू नका, नाहीतर मध्येच विझतं. मोठे ढेकूळ फोडून लिंबाएवढे करा आणि सगळा माल आधी चाळून घ्या. भुकटी खाली बसून हवा अडवते. दोन-तीन तासांनी आकडा विनाकारण उतरायला लागला तर झडप उघडण्याआधी राखेची दांडी दोनदा हलवा, बहुतेक वेळा भोकं राखेने बुजलेली असतात.

झाकण उघडून बघायची खोड मोडा. उघडलं की हवेचा आकडा धाडकन् पडतो, माणूस घाबरून झडप उघडतो. इकडे निखाऱ्यांना तेवढ्यात भरपूर हवा मिळालेली असते, त्यामुळे झाकण लावल्यावर ते आधीपेक्षा वर जातात. तुमचे १८० तिथूनच आले असावेत. उघडलंच तर दहा मिनिटं आकड्याकडे पाहू नका.

कोळशावरून एक ताकीद. कारखान्यांच्या बॉयलरला शेतकचऱ्याच्या दाबलेल्या कांड्या येतात, त्यांना व्हाइट कोल म्हणतात. स्वस्त मिळतात म्हणून आणू नका, तो कोळसा नव्हेच, कच्चा भुसा आहे, नुसता धूर. दगडी कोळसा तर अन्नाच्या आसपासही नको. आयुष्य त्याच्या धुरात गेलं म्हणून सांगतो, त्यातला गंधक मटणात उतरेल.

आता ६८ वर बसलेली रान. प्रोब ठीक आहे. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार राहतं ते ह्याच कारणाने. कोळसा जितकी उष्णता घालतो, जवळपास तितकी वाफ काढून नेते, आणि आकडा ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी तळ ठोकतो. पृष्ठभाग सुकला की आपोआप पुढे सरकतो. वेळ असेल तर बसून राहा, वरची खरपूस साल त्यातच तयार होते. पाहुणे दारात असतील तर गुंडाळा. तुमच्याकडे केळी आहेत: आधी पानात, मग घट्ट फॉइलमध्ये, आत वाटीभर रस्सा. नुसतं पान वाफ धरत नाही, जाळीला लागून सुकतं. गुंडाळल्यावर बाष्पीभवन थांबतं आणि आकडा चालू लागतो. हवाही १४० पर्यंत नेलीत तरी चालेल.

काढायचं कधी? ७४ ला कोंबडी खायला सुरक्षित झाली, पण तंगडीत स्नायूंना बांधणारे चिवट पडदे जास्त, ते विरघळायला ८० ते ८५ लागतात. छातीचा तुकडा तेवढा नेलात तर कापूस होईल, तो ७४ लाच काढा. हाडाशी गुलाबीपणा दिसला म्हणून घाबरू नका, कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातला रंग शिजल्यावरही तसाच दिसतो. भरवसा आकड्यावर ठेवा, पण टोक सगळ्यात जाड भागात आणि हाडाला न लागता. हाडाला टेकलं की आकडा मांसाचा राहत नाही. आणि एकच तंगडी मोजून सगळ्या उतरवू नका, निखाऱ्यांजवळची आणि कडेची ह्यांत बराच फरक असतो.

रान ९० च्या पुढे गेली की थर्मामीटर खाली ठेवा. प्रोबच काढून तीन-चार ठिकाणी खुपसा. लोण्यात जावा तसा गेला तर झालं, कुठे अडला तर अजून अर्धा तास. कधी ९२ ला होते, कधी ९६ ला. बोकडाचं वय आकड्यात दिसत नाही.

धुळ्याचा भाचा

म्हणजे काका, इतकं सगळं करून शेवटी हातच.

दीपनगर निवृत्त

हो भाचेराव. पण हात कधी घालायचा ते थर्मामीटर सांगतो. नाहीतर दर वीस मिनिटांनी झाकण उघडणार.

पिंपरीचा खान्देशी

बिनवायरीचा प्रोब घ्यावा असं कुणी सुचवायच्या आत सांगतो, माझ्याकडे आहे. मांसाच्या आतला आकडा चांगला देतो. पण मोबाइलपर्यंतचा सिग्नल पत्र्याच्या झाकणातून जाताना लंगडतो, दोन खोल्या पलीकडे गेलं की संपर्क तुटला. आणि त्याचा हवेचा सेन्सर प्रोबच्या मागच्या टोकातच असतो, म्हणजे मांसाला खेटून. काका म्हणाले तसं, गार मांसाजवळ तो बराच वेळ खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो. हवेसाठी मी शेवटी वायरवालाच वापरतो.

वाऱ्याचं निघालं म्हणून. ही गोल केटलच वाऱ्यापायी जन्मली. १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाने बनवली. तो वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये कामाला होता आणि तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोया बनायच्या. उघड्या शेगडीवर वारा सुखाने भाजू देईना, तेव्हा त्याने बोयाच्या गोळ्याचे दोन भाग घेऊन खाली आग आणि वर झाकण केलं. त्यामुळे झाकण लावल्यावर वाऱ्याची भीती फक्त खालच्या झडपेकडून. मी तिची बाजू वाऱ्याला पाठ करून फिरवतो, आकडा बराच शांत राहतो.

चोपडेकर

वही सुरू केली, आणि कडेने कोळसा मांडून नुसतीच, मांसाशिवाय, केटल चालवून पाहिली. खालची झडप काडीपेटीच्या जाडीएवढी उघडी ठेवली की तीन तास ११८ ते १२९. मी हात लावला नाही, म्हणजे लावू दिला नाही, बायकोने चिमटाच लपवून ठेवला होता.

शेवटचं दोन विचारतो. प्रोबची वायर झाकणाखाली दबते आणि फट राहते, तिथून हवा जाते का? आणि पंधरा माणसांना रान वेळेवर कशी द्यायची? ६८ वर किती वेळ बसेल ते आधी कळत नाही.

दीपनगर निवृत्त

फट वायरीएवढी आहे, तिने आगीला फरक पडत नाही. पण झाकणाची धार वायरीवरची विणलेली जाळी कापते, मग एक दिवस आकडा वेड्यासारखा उड्या मारायला लागतो. वरच्या झडपेच्या भोकातून खाली सोडा, मांसाच्या बाजूने. झाकण उचलताना मात्र आधी मीटरची पिन काढायची, नाहीतर मीटर राखेत.

पंधरा माणसांना एक रान पुरत नाही भाऊ, दोन लावा. मोकळ्या बाजूला शेजारी-शेजारी, जाड भाग निखाऱ्यांकडे. मांसाचं टोक लहान रानेत घाला, ती आधी होईल, मोठीची परीक्षा नंतर खुपसून. कोळसा सरकत जातो तशी गरम बाजूही सरकते, तेव्हा गुंडाळताना दोघींची अदलाबदल करा.

वेळेचं म्हणाल तर पाहुण्यांच्या दोन तास आधी व्हायला हवी असा हिशोब धरून पहाटे पेटवा. लवकर झाली तर बिघडत नाही. फॉइल पाच-दहा मिनिटं उघडून वाफ जाऊ द्या, परत गुंडाळा, जुन्या टॉवेलात बांधा आणि बर्फाच्या पेटीत ठेवा, अर्थात बर्फाशिवाय. प्रोब आतच राहू द्या आणि मीटर बाहेर. ६० च्या वर आहे तोवर निर्धास्त, तीन तास तरी धरतं. ६२-६३ दिसायला लागले की जेवायला बसवा, मग कुणाची वाट बघायची नाही.